पडद्यापलीकडची सीट

चष्मेवाल्याला सासुरवाडीत सगळे भिंगरीराव म्हणत. नाव साडूनं ठेवलं होतं, आणि साडूनं आयुष्यात तेवढं एकच काम चोख केलं असेल. कारण या माणसाला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असायचं आणि हा त्याच्या पाठीमागे येरझारा घालत असायचा. जेवताना मध्येच उठून फोन बघून यायचा. बसला तरी पाय हलतच. बायको शिवायला बसली की म्हणायची, मशीन माझं आणि पाय यांचे चालतात.

गेली आठ वर्षं त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, क्रेडिट कार्डाचे पॉइंट.

आता पॉइंट कोण जमवत नाही? साडूही जमवायचा, आणि वर्षाअखेरीला त्यातून इस्त्री नाहीतर हेडफोन घेऊन मोकळा व्हायचा. चष्मेवाल्याच्या लेखी हे महापाप. तेच पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात न्यावेत, दबा धरून बसावं, आणि योग्य दिवशी बिझनेस क्लासची सीट उचलावी, की एकेका पॉइंटाचं चौपट मोल वसूल होतं, हे तो साडूला दर भेटीत समजावून सांगायचा. साडू सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, मग गेलात का कुठं? स्वतः तो रोख पैसे मोजून, मागच्या साध्या सीटवर बसून, दोनदा परदेश बघून आला होता.

पण चष्मेवाला हटला नाही. दुकानाच्या काचा, फ्रेमा, सगळं कार्डावर. घाऊक व्यापारी कार्डाला दोन टक्के जास्त लावायचा, तर हा कागदावर आकडेमोड करून त्याला पटवायचा की यातही आपणच फायद्यात आहोत. व्यापाऱ्याला काय, तो मान डोलवायचा. शेजाऱ्याच्या गाडीचे टायर, सासऱ्यांचं कानाचं यंत्र, मेहुणीचा फ्रिज. कुणाकडे मोठी खरेदी निघाली की याला वासच लागायचा. माझ्या कार्डावर घ्या, मला रोख द्या, असं म्हणत हा दुकानाच्या दारात हजर. घरातलं धुण्याचं मशीन बंद पडलं तेव्हा बँकेची तिप्पट पॉइंटांची योजना चार महिन्यांवर होती. चार महिने बायकोनं हातानं कपडे धुतले. त्यात त्याच्या आईच्या चादरी रोजच्या दोन.

आणि खरं सांगायचं तर सगळं सुरू झालं ते त्या चादरींपासूनच. त्याची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. बायकोची झोप तुकड्या-तुकड्यांची. तास झाला की हाक, अर्धा तास झाला की हाक. एका दुपारी तो जेवायला घरी आला तर बायको कपाटाला टेकून उभ्या उभ्या झोपलेली, हातात अर्धवट घडी घातलेली चादर. त्याच आठवड्यात त्यानं कुठंतरी ती जाहिरात पाहिली, बटण दाबलं की पलंग होणाऱ्या सीटची. त्यानं तिला सांगून टाकलं, तुला एकदा आडवी घालून विमानानं नेतो, अकरा तास सलग झोप, मी शेजारी. त्यावर ती म्हणाली होती, मला आडवी न्यायला अजून अवकाश आहे. पण हसली होती. त्या हसण्यावर त्यानं आठ वर्षं काढली.

आई जाऊन दोन वर्षं झाली. लेक लग्न करून दूरदेशी स्थिरावली. तिच्याकडे जायला विमानानं बरोबर अकरा तास लागायचे. आता फक्त दोन सीटा हव्या होत्या, शेजारी शेजारी.

इथंच माशी शिंकली. पॉइंटांवर मिळणाऱ्या सीटा विमान कंपनी पळीपळीनं सोडते. त्यांना हव्या त्या तारखेला एकच सीट सुटली. आता एक घेऊन ठेवायची, दुसरी शेवटच्या पंधरा दिवसांत सुटतेच, हे या नादातल्या सगळ्या लोकांचं ठाम मत. चष्मेवाल्यानं ते शंभर ठिकाणी वाचलं होतं. त्यानं बँकेतले होते नव्हते तेवढे सगळे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले. एकदा वळवले की ते परत येत नसतात. बायकोच्या नावानं पहिली सीट काढली. दुसरीपुरते अगदी मोजून उरले. आणि दुसऱ्याच सोमवारी कंपनीनं कुणाला न सांगता दर जवळजवळ दुप्पट केले. दुसरी सीट सुटली, नाही असं नाही. त्याच्या डोळ्यांदेखत सुटली आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणीतरी नेली.

तीन आठवडे तो कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावत होता. तिथली मुलगी फार गोड बोलायची आणि काहीही करायची नाही. शेवटी त्यानं स्वतःसाठी शेपटाकडचं साधं तिकीट काढलं, तेही रोख. हे साडूला सांगायचं नाही अशी बायकोला शपथ घातली.

बायको म्हणाली, पुढचं रद्द करा, दोघं मागंच बसू, गप्पा मारत जाऊ. नाहीतर तुम्ही बसा पुढं, तुमचे गुडघे दुखतात. तो एकदम उसळला. "आठ वर्षं मी हे कुणासाठी केलं?" तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बरं म्हणाली.

विमान सकाळचं होतं. दारातून आत गेल्यावर ती डावीकडे वळली, तो उजवीकडे. वळता वळता त्यानं तिच्या हातात चिठ्ठी कोंबली. त्यात त्यानं सगळं लिहून दिलं होतं: पलंगाचं बटण कुठलं, पांघरूण कुणाकडे मागायचं, रस दोनदा मागितला तरी चालतो, लाजू नकोस, सगळं आपल्या पॉइंटांत आहे.

त्याची सीट मधली. एका बाजूला नळाची कामं करणारा एक धिप्पाड गृहस्थ, दुसऱ्या बाजूला मांडीवर पोर घेतलेली बाई. विमान वर गेलं आणि त्याच्या जिवाची घालमेल सुरू झाली. तिला बटण सापडलं असेल का? सापडलं तरी दाबेल का? ती आपणहून कुणाकडे काही मागणाऱ्यांतली नव्हती. अंग चोरून अकरा तास बसून राहील आणि उतरल्यावर म्हणेल, छान होतं. आज तिला झोप लागली नाही तर आठ वर्षं पाण्यात. खिसा चाचपला तर तिचा वाचायचा चष्मा त्याच्याकडेच राहिलेला. त्याला केवढा आनंद झाला.

नळवाल्याच्या मांड्या ओलांडून तो पुढं गेला. दोन वर्गांच्या मध्ये एक जाड निळा पडदा होता, आणि पडद्याशी त्याच्या बहिणीच्या वयाची एक हवाई सुंदरी. चष्मा द्यायचा आहे, असं त्यानं सांगितलं. मी देते, असं म्हणून तिनं चष्मा घेतला, आत गेली, परत आली. बाईंनी धन्यवाद सांगितलेत. अजून काही म्हणाली का? नाही, एवढंच.

जेवणं झाल्यावर तो पुन्हा गेला. पलंगाचं बटण डाव्या हाताला असतं, तिला वाटेल उजव्या हाताला. हवाई सुंदरी म्हणाली, मी स्वतः दाखवलंय. आणि मान? मानेखाली तिला पातळ उशी लागते. तीही दिली आहे. तो परत येऊन बसला. नळवाल्यानं यावेळी पाय आखडून घेण्याऐवजी सरळ उठून उभं राहणंच पसंत केलं.

तिसऱ्या वेळी त्यानं गळच घातली. दोन मिनिटं भेटू द्या, मी आत येत नाही, तिलाच इथं बोलवा. बायको आहे हो माझी, सत्तावीस वर्षं झाली. हवाई सुंदरीला हसू आलं. विचारून येते, म्हणाली. पडद्याआड गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा म्हणाली, बाई झोपल्यात.

झोपली! त्याच्या अंगावरून मोरपीस फिरलं. तो चोरपावलांनी जागेवर आला, जसं काही त्याच्या पावलांनी ती तिथं जागी होणार होती. बसला आणि काय आश्चर्य, पाय हलेनात. नळवाल्याला त्यानं आपण होऊन सांगितलं की माझी बायको पुढं पलंगावर झोपली आहे. नळवाल्यानं स्वाभाविकपणे विचारलं, मग तुम्ही इथं कसे? झालं. तासभर त्यानं त्या बिचाऱ्याला पॉइंटांचं सगळं शास्त्र ऐकवलं: कुठलं कार्ड कशाला वापरायचं, पॉइंट कधी वळवायचे, इस्त्री का घ्यायची नाही. ऐकता ऐकता नळवाल्याची मान कलली.

मागच्या शौचालयांपुढं रांग होती म्हणून तो पुढच्या बाजूला गेला. शपथेवर सांगतो, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण नेमकी तेव्हाच आतून गाडी ढकलत कुणी आलं आणि पडदा हातभर सरकला.

पलंग केलेलाच नव्हता. बायको त्या अवाढव्य सीटवर चक्क मांडी घालून बसली होती. चपला खाली, वाचायचा चष्मा डोक्यावर सरकवलेला, मांडीवर द्राक्षांची बशी. एकेक द्राक्ष तोंडात टाकत ती खिडकीबाहेरचे ढग बघत होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती. हवाई सुंदरी येऊन तिच्याशी काहीतरी बोलली, तशा दोघी खुदकन हसल्या. ही झोपून उठलेली बाई नव्हती. डोळे बघून सांगणं हा त्याचा धंदाच होता.

'अगं' त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यानं गिळलं. पडदा पुन्हा सरकून बंद झाला आणि तो जिथं जायचं होतं तिथं न जाताच परत फिरला.

उरलेले साडेचार तास त्यानं कसे काढले हे त्याचं त्यालाच माहीत. पाय असे हलत होते की पोर मांडीवर घेतलेल्या बाईनं दोनदा त्याच्याकडे पाहिलं. त्याला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे ठरेना. हवाई सुंदरी खोटं बोलली म्हणावं, तर तिला काय पडलं होतं? मन पुन्हा पुन्हा त्याच एका जागी येऊन अडायचं, आणि तिथं आलं की तो उठून उभा राहायचा, आणि उभं राहून करायचं काय हे न सुचून बसायचा.

विमानातून पुढचे लोक आधी उतरले. तो बाहेर पडला तेव्हा लांबलचक काचेच्या वाटेत ती कडेला त्याची वाट बघत उभी होती. चेहरा टवटवीत, खांदे खाली सोडलेले. त्याच्या हातातली जड पिशवी तिनं घेऊ केली. त्यानं दिली नाही. दोघं पासपोर्टच्या रांगेच्या दिशेनं चालायला लागले. थोडं चालल्यावर त्याला राहवलं नाही.

"झोप झाली?"

"नाही हो. डोळ्याला डोळा लागला नाही."

"पण ती बाई म्हणाली, झोपल्यात."

"मीच सांगितलं तिला तसं सांगायला."

तो जागच्या जागी थांबला. मागून येणारी माणसं दोघांच्या दोन्ही बाजूंनी पुढं जात राहिली. ती चार पावलं परत आली.

"रागावू नका," ती म्हणाली. "मला झोपायचंच नव्हतं. झोपले असते तर मला कळलं नसतं ना, की कुणी हाक मारत नाहीये म्हणून."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. की हे सगळं त्यानं तिला शेजारी बसवण्यासाठी केलं, की तीनदा तो काळजीपोटीच आला, की आईच्या हाका वेगळ्या आणि त्याच्या वेगळ्या. पण शेवटचं तोंडातून काढायच्या आधीच त्याला ते खोटं वाटायला लागलं. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते तिला दिसलं. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला चालतं केलं.

रांग मोठी होती. लेक बाहेर येऊन थांबली असणार म्हणून तिनं मान उंचावून पाहिलं, पण इथून काही दिसत नव्हतं. मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, परतीचं काय केलंत. तो म्हणाला, परतीची साधी तिकिटं आहेत दोघांची, मागची, पण बदलता येतील. उरलेले पॉइंट पडून आहेत, महिनाभरात तिप्पटच्या योजनेतले अजून पडले की निदान एका सीटपुरते होतील. मी नजर ठेवून आहे, पण दोन एकदम मिळणं अवघड आहे.

"दोन कशाला?" ती म्हणाली. "एक बघा. माझ्यापुरती."

ती हे चिडून म्हणाली नव्हती. दुकानात जाताय तर येताना दोरा आणा, असं म्हणावं तशी म्हणाली होती, आणि म्हणून झाल्यावर रांग सरकली तशी पुढं सरकली. तिनं त्याच्याकडून स्वतःसाठी अशी कधी काही वस्तू मागितली होती का, हे तो आठवून बघत राहिला. आठवेना.

त्यानं खिशातून फोन काढला आणि विमान कंपनीचं पान उघडलं. तारखा टाकल्या. खाली प्रवासी किती अशी चौकट होती, आणि तिच्यात आठ वर्षांच्या सवयीनं आपोआप दोन आले होते. त्यानं दोनचा एक केला आणि शोधा म्हणून दाबलं.