एक सामना राहा

सप्टेंबरात लागोपाठ तिसरा सामना हरल्यावर कोच एथरिजनी अल्व्हिन ब्रॉडनॅक्सला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

अल्व्हिन माउंट नेबो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू हातात घेऊन अख्खा संघ हाकणारा. कॉलेजचं हे चौथं आणि शेवटचं वर्ष. त्याचे वडील याच मैदानावर खेळले होते. गोऱ्यांची कॉलेजं आपल्या काळ्या पोरांना दारात उभं करत नव्हती तेव्हाही इथे चार पिढ्या खेळल्या, हे त्याने घरी जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला ते मिठासारखं झालं होतं.

"शनिवारपासून क्विंटेल खेळेल," कोच म्हणाले. "तुझ्यात खोट नाही, बाळा. पण तू विचार करून फेकतोस. तो फेकतो आणि मग विचार करतो."

"आणि मी काय करू?"

"किक मारणाऱ्यासाठी चेंडू जमिनीवर टेकवून धर. तुझे हात शांत आहेत."

क्विंटेल पेटवे पहिल्या वर्षाचा, कापसाच्या डेल्टा मुलखातल्या एका खेड्यातला. उंची कमी म्हणून मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो मैदानात उतरला आणि माउंट नेबो जिंकायला लागलं. एक, दोन, करता करता सलग आठ. बायका चर्चमध्ये त्याच्या खांद्यासाठी प्रार्थना करू लागल्या. बँडवाले त्याच्या नावाची धून वाजवू लागले.

अल्व्हिन रेषेबाहेर उभा असायचा. क्विंटेलने लांब फेक केली की चेंडू हवेत असेपर्यंत त्याला वाटायचं, पडू दे. झेलला गेला की सगळ्यांत आधी तोच ओरडायचा. दोन्ही खरं होतं. यातला मी कोणता, हे त्याला काही केल्या उमगत नव्हतं.

जुने विद्यार्थी जमतात त्या शनिवारी वडील आपलं जांभळं जाकीट घालून आले, बँडसमोर मनसोक्त नाचले. "काय फेकतो रे तो पोरगा," असं म्हणून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मग म्हणाले, "तूही बरा फेकायचास."

"राहू दे, डॅडी."

अंतिम सामन्याच्या आधीच्या मंगळवारी अल्व्हिन खानावळीत तळलेला मासा खात होता. क्विंटेल ताट घेऊन समोर येऊन बसला. त्याने ताटाला हातही लावला नाही.

"दादा, फोन आला होता. मोठ्या विद्यापीठाचा. आमच्याकडून खेळायला आत्ताच ये म्हणतात. शनिवारी खेळू नको, काही मोडलं-बिडलं तर पंचाईत."

"कोचना सांगितलंस?"

"नाही. तुला आधी विचारतोय."

"मलाच का?"

"कारण मी गेलो तर शनिवारी तू खेळणार. बाकीचे फुकटात सल्ला देतील. तू जे सांगशील ते तुला महाग पडतंय की स्वस्त, ते मला दिसेल."

अल्व्हिन काट्याने माशाचा तुकडा इकडून तिकडे ढकलत राहिला. जा म्हटलं तर जीभ आपल्या सोयीची. राहा म्हटलं तर पोराचं नुकसान. मध्ये कुठेतरी सरळ उत्तर असणार, पण ते हाताला लागेना.

"राहा," शेवटी तो म्हणाला. "एक सामना राहा. या पोरांनी तुझ्यासाठी हाडं झिजवलीत. मग जा."

क्विंटेलने ताट पुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.

त्याच वेळी अल्व्हिनला हायसं वाटलं. शनिवारी आपल्याला खेळावं लागणार नाही, म्हणून. ते जाणवलं आणि त्याने ताट बाजूला सारलं.

शनिवारी सामन्याच्या तिसऱ्या सत्रात क्विंटेल खाली गेला. अंगावर समोरच्या संघाचे तीन जण. सगळे उठले, तो उठला नाही. घोटा उलटा दिसत होता. स्टेडियम असं गप्प झालं की बँडातल्या कुणाची तरी ड्रमची काठी पायरीवर पडली ती ऐकू आली.

"हेल्मेट घाल," कोच अल्व्हिनला म्हणाले.

त्यानंतरचं त्याला तुटक आठवतं. आपलेच हात, आपलाच आवाज. शेवटच्या मिनिटाला सगळे मधल्या फेकीची वाट बघत होते. त्याने कडेला छोटी फेक केली. गोलवर किक मारता येईल इतका चेंडू पुढे सरकला, आणि मग त्यानेच गुडघा टेकून चेंडू धरला. किक बसली. तीन गुणांनी माउंट नेबो जिंकलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वडील कठड्यावरून रडत हात हलवत होते. आता हसायला हवं, म्हणून तो हसला.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर तो हॉस्पिटलात गेला. क्विंटेलची आई, मिस ओडेसा, खिडकीपाशी बसल्या होत्या.

"तूच का, राहा म्हणणारा?"

"हो, मॅडम."

"ती कडेची फेक," क्विंटेल पलंगावरून म्हणाला. "मी असतो तर मध्ये फेकली असती."

"माहितीये. समोरच्या संघालाही माहीत होतं."

क्विंटेल हसला आणि हसू मध्येच विरलं. "सकाळी त्या विद्यापीठाचा फोन आला. पाय बरा झाला की बघू म्हणतात."

बघू म्हणजे काय, ते तिघांनाही कळत होतं. मिस ओडेसा अल्व्हिनकडे वळल्या. "खरं सांग. माझ्या लेकाच्या भल्यासाठी म्हणालास?"

कॉलेजसाठी म्हणालो, असं सांगता आलं असतं. भ्यायलो होतो, असंही.

"मला माहीत नाही, मिस ओडेसा. तेव्हापासून शोधतोय."

"गोड बोलून मोकळा झाला असतास तर हाकललं असतं तुला," त्या म्हणाल्या. "ती उशी दे इकडे. पाय उंच ठेवायला सांगितलाय."

विद्यापीठाचा फोन पुन्हा आला नाही. ऑगस्टमध्ये क्विंटेल किंचित लंगडत माउंट नेबोच्या सरावाला उतरला. अल्व्हिन तोवर पदवी घेऊन गावातल्या शाळेत गणित शिकवायला लागला होता. बाजारात लोक त्याला थांबवून म्हणत, "तू त्याला अडवलंस म्हणून आपला पोरगा आपल्याकडे राहिला." अल्व्हिन मान हलवायचा. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, हे समोरच्याला कळत नसे, आणि त्यालाही.