पुराची खूण

जेसीबी गोठ्यापुढं येऊन घुरघुरायला लागला, तेव्हा तानाबाई खांबाला कुंकू लावत होती. दगडी खांबावर बरोब्बर तिच्या गळ्याच्या उंचीला छिन्नीनं मारलेली एक आडवी रेघ होती. दोन हजार एकोणीसच्या पुरात पंचगंगेचं पाणी तिथवर चढलं होतं. पाणी ओसरल्यावर नवऱ्यानं ती मारली, आणि दर श्रावणात तिला हळदकुंकू वाहायचं घरात ठरूनच गेलं. नवरा गेला, रेघ राहिली.

आज अकरा वाजता महापालिकेच्या संयोगिता मॅडम तीच रेघ मोजायला येणार होत्या. शेजारच्या मळीवर, नदीकाठच्या रानात, तिच्या दिरानं, हंबीररावानं, मुरमाचा भराव टाकून प्लॉट पाडले होते. ‘इथं पाणी कधी आलंच नाही,’ असं त्यानं लिहून दिलं होतं. रेघ मोजली गेली की मळी पूररेषेच्या आत, आणि प्लॉट बंद. भराव तसाच राहिला तर पुढच्या पुरात सगळं पाणी तानाबाईच्या घरावर उलटणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

“वैनी, बाजूला व्हा.”

“न्हाय होत, भावजी.”

“ज्ञानू, घाल बकेट!”

ज्ञानू जेसीबीवरनं उतरला तो चपला काढूनच. “मालक, कुंकू हाय की त्याला. नारळ फोडल्याबिगार कसं पाडायचं? मशीनला भोवतंय. दुकान हितंच हाय, आलो बघा.”

“दगड हाय त्यो, गाढवा!”

हंबीररावानं अशी कानफटात दिली की ज्ञानूचा ओठ फुटला. ज्ञानूनं किल्ली काढून खिशात घातली आणि बाजूला जाऊन रक्त थुंकला. परत मशीनवर काही चढला नाही.

मग हंबीररावानंच घण उचलला.

पहिल्या घावाला ठिणग्या उडाल्या. तानाबाईनं खांबाला मिठी मारली. दुसरा घाव तिच्या मनगटावर बसला. काडकन आवाज झाला. दारातनं सहा वर्षांची अनुजा किंचाळली, “आज्जीऽऽ!” तरी मिठी सुटेना, तेव्हा त्यानं तिचा अंबाडा धरून तिला दगडांवर फेकलं. एक कपची उडून तिच्या गळ्याला घासली. खांब आडवा झाला. हंबीरराव त्या रेघेवर घण घालत राहिला, कुंकू आणि दगड यांचा एकच भुगा होईतोवर.

याच हातांनी त्यानं त्या पुरात पत्र्यावरनं वाकून अनुजाला वर घेतलं होतं. “वैनी, पोरगी जगली,” म्हणून रडला होता तो.

मॅडम स्कूटरवरनं उतरल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

“या मॅडम,” तो धापा टाकत म्हणाला. “काय मोजायचं ते मोजा. हितं काय बी न्हाय.”

तानाबाई उठली. खांबाचा बुडखा जमिनीत तसाच होता. त्याला टाचा लावून ती ताठ उभी राहिली. मोडका हात लोंबत होता. दुसरा तिनं रक्ताळल्या गळ्यावर आडवा धरला.

“हितं. पाणी हितं हुतं. ह्याच जाग्याला मी हुभी हुते आन् ही पोर डोक्यावर धरली हुती. पत्र्यावरनं तिला कुणी घेतली, इचारा त्याला. सांग की रं, हंबीर!”

लग्न होऊन आल्यापासनं तिनं त्याला एकेरी हाक मारली नव्हती. तो अनुजाकडं बघत राहिला. हातातला घण खाली गेला.

“आधी दवाखान्यात चला, आक्का,” मॅडम पुढं येत म्हणाल्या.

“आधी मोजा. तुमी गेला की ह्यो बुडखाबी उपटंल.”

मॅडमनी मोजायची काठी तिच्या पायाशी उभी केली, तिच्या हातापाशी डोळा नेला आणि मोठ्यानं वाचलं, “चार फूट दोन इंच.” पंचनाम्याला पंच हवा होता. ज्ञानू पुढं आला. सही करताना त्याच्या ओठाचं रक्त कागदावर टपकलं. तो बाहीनं पुसायला गेला.

“ऱ्हाऊ दे, बाबा,” तानाबाई म्हणाली.

अनुजानं येऊन तिचा चांगला हात धरला. मगच तानाबाईनं गुडघे वाकवले.