कॅनॉलवरचा पांढरा दगड

मी कॅनॉलवरचा पांढरा दगड बोलतोय. पांढरा म्हणायचं ते सवयीनं. मूळचा मी काळा. कालवा खणला तेव्हा घडवून मैलाच्या हिशेबानं मला इथं रोवलं, अंगावर आकडा कोरला आणि चुना फासला. पुढं चुन्यावर चुना चढत गेला आणि आकडा खाली दडपला. आता किती मैल झाले ते मलाही सांगता येणार नाही.

आमच्याकडे पाहुणे आले की विचारतात, जवळपास बघण्यासारखं काय आहे? मग कुणी भिगवणच्या रोहित पक्ष्यांचं नाव घेतं, कुणी सोमेश्वराच्या देवळाचं. माझं नाव कुणी घेत नाही, आणि घ्यावं असं काही माझ्यात नाहीही. पण कोऱ्हाळे बुद्रुकहून कालव्याच्या कडेनं आमच्या वस्तीवर यायचं, तर सगळे सांगतात, "पांढऱ्या दगडापशी आत वळा." दोन्ही अंगाला डोक्याच्या वर ऊस, त्यात एक गाडीवाट दुसरीसारखीच दिसते. वाट ओळखायची ती माझ्यावरून.

गवताला निघालेल्या बाया माझ्यापाशी बसून विळ्याला धार लावत. कालव्याकडच्या बाजूला बसायचं, ओंजळभर पाणी माझ्यावर टाकायचं आणि विळा घासायचा. कित्येक वर्षं घासून माझ्या त्या कुशीला बोटभर खोल खाच पडली आहे. धार लावता लावता बाया घरातलं सगळं बोलायच्या. दगडापुढं बोललेलं बाहेर जात नाही, असा त्यांचा समज. आज मी तो खोटा ठरवतोय, त्याबद्दल माफी असावी.

त्यांतल्याच एका कुशाबाईचं दुखणं मला असंच कळलं. तिचं माहेर इंदापूरकडचं शेळगाव. दत्तोबा तिचा थोरला भाऊ. दर भाऊबीजेला यायचा आणि आला की चार दिवस राहून बहिणीच्या रानात खपायचा. त्याचाही विळा माझ्या अंगावरून गेलेला आहे. सहा वर्षांपूर्वी कुशाबाईच्या रोहिणीचं लग्न निघालं. अक्षत घेऊन मामाच्या दारात जायला हवं होतं. पण घाई होती, म्हणून कुशाबाईच्या मुलानं, यशराजनं, पत्रिका मोबाइलवर धाडून दिली. दत्तोबाकडे मोबाइल नाही. ती त्याच्या मुलाच्या फोनवर गेली. म्हातारा म्हणाला म्हणे, "बोलावणं फोनात आलंय, तर मी बी फोनातच येतो." लग्नाला आला नाही. रोहिणीच्या पाठीशी मामा म्हणून दुसराच कुणी उभा राहिला. भाऊबीज तेव्हापासून बंद झाली. कुशाबाई विळा घासायची आणि डोळे पुसायची. मला फार वाईट वाटायचं.

यंदा तिनं स्वतः भाच्याच्या फोनवर फोन लावला आणि भावाला बोलावलं. तो येतो म्हणाला. तिनं वाट सांगितली, "दगडापशी वळ." दुसरं काही सांगायची गरज तिला वाटली नाही.

इथंच घोटाळा झाला. गेल्या हंगामात ट्रॅक्टरवाल्या सर्जेरावची उसाची ट्रॉली वळताना मला धडकली आणि मी आडवा झालो. सर्जेराव माणूस चांगला. चार गडी लावून त्यानं मला उभा केला. पण पुन्हा धडक नको म्हणून रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीच्या पलीकडे, पुढच्या वाटेच्या तोंडाशी रोवला. तोही पाठमोरा. बायांनी विळे घासायला येणं तोवर सोडलं होतं, म्हणून वस्तीवरच्या एकाच्याही हे ध्यानात आलं नाही. रोज जाणारा-येणारा माणूस दगडाकडे बघतो कुठं?

भाऊबीजेच्या दुपारी दत्तोबा कालव्याच्या कडेनं चालत आला. हातात पिशवी, पिशवीत लुगडं आणि शेळगावची डाळिंबं. सहा वर्षांत रस्ता डांबरी झालेला, मोरी नवी बांधलेली, खुणेची बाभळ गेलेली. त्यानं मला लांबूनच ओळखलं आणि बिनघोर आत वळला. मी ओरडायला हवं होतं. दगडानं ओरडायचं कसं?

ती वाट उसात जाऊन एका विहिरीपाशी संपते. बऱ्याच वेळानं तो परत आला, घामानं भिजलेला. एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "कुठं जायचंय, आबा?" दत्तोबा म्हणाला, "कुठं न्हाय, हितंच." बहिणीच्या घराची वाट परक्याला विचारायची त्याला लाज वाटली. मोटारसायकल गेल्यावर तो माझ्या सावलीला बसला आणि स्वतःशीच म्हणाला, "दगडापशी वळ म्हणाली आन् हिरीवर धाडलं. पाचची यष्टी हाय. जातो माघारी."

पुन्हा काही हा म्हातारा या वाटेनं यायचा नाही, हे मला कळत होतं. उठण्यासाठी त्यानं माझ्यावर हात टेकला. बोटं खाचेत गेली. तो थबकला. खाच चाचपली, मग वळून कालव्याकडे पाहिलं. खाच उसाकडे, पाणी पाठीमागं.

"हितं बसून इळ्याला धार कोण लावंल?" तो म्हणाला. "पानी तर तिकडं हाय. दगुड फिरलाय, म्हंजी जागचा बी हललाय."

पिशवी उचलून तो आल्या वाटेनं मोरीकडे निघाला. मोरीच्या पलीकडच्या वाटेतून कुशाबाई बाहेर येत होती. ओवाळायचं ताट करून ती सकाळपासून उपाशी बसलेली. शेवटी न राहवून फाट्यावर आली होती. दोघं मोरीवर समोरासमोर आले.

"दगुड हलवलाय कुणीतरी," दत्तोबा म्हणाला. "मी तिकडं हिरीवर जाऊन आलो."

कुशाबाईनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. म्हणाली, "दगडाचं सोड, दादा. मीच फाट्यावर यायला पायजे हुतं. रोहिणीच्या लग्नाला बी मीच तुझ्या दारात यायला पायजे हुतं."

दत्तोबानं उपरण्यानं तोंड पुसलं, डोळे पुसले. मग म्हणाला, "चल. भूक लागलीय."

मी अजून चुकीच्याच जागी उभा आहे. हंगाम सरला की हलवू, असं सर्जेराव म्हणतो. तोवर वस्तीवर येणारे नवे पाहुणे विहिरीवर जाऊन परत येतात आणि मला नावं ठेवतात. मीही ऐकून घेतो.

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमचं माणूस येणार असेल, तर त्याला माझ्या भरवशावर सोडू नका. उन्हापावसात वाटेवर उभं राहायचं काम मी करीन. पण पुढं होऊन पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यायला मला हात नाहीत. तेवढ्यासाठी तुम्ही फाट्यापर्यंत या.