तिसाव्या पानापर्यंत

भिंगरीची आई आरंभशूर आहे, असं तिचा नवरा म्हणायचा. सुरुवातीला तो हे हसून म्हणायचा. मग दहा महिन्यांत घरात सहा अभ्यासक्रम येऊन दाखल झाले आणि मुलगी मात्र एकच, तीही सात वर्षांची, तेव्हा त्याचं हसणं आटलं. कपड्यांसाठी घेतलेलं मोठं कपाट पुस्तकं, तक्ते, मण्यांच्या माळा, रंगीत काड्या आणि लाकडी ठोकळ्यांनी वरपासून खालपर्यंत भरलं होतं. कपडे गेले होते पलंगाखालच्या पेटीत. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून आलेल्या या माणसाला धुतलेला शर्ट काढायचा तर गुडघ्यांवर बसावं लागायचं.

पण आईला असं हसण्यावारी नेणं बरं नव्हे. तिच्याकडे कारण होतं. भिंगरी पहिलीत असताना एकदा कामावरून लवकर सुटून ती शाळेत गेली, तर मुलगी वर्गाबाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी. फ्रॉक ओला, मोजे ओले. बेरीज चुकली म्हणून बाईंनी बाहेर काढलं आणि मग त्या विसरूनच गेल्या. किती वेळ ती तिथे होती, हे कुणालाच सांगता आलं नाही. भिंगरीलाही नाही, कारण पुढे महिनाभर ती कुणाशी बोललीच नाही. एका जागी ठरत नाही म्हणून जिला हे नाव पडलं, ती पोर खिडकीपाशी बसली की बसलेलीच. आईने नोकरी सोडली, शिक्षण खात्यात खेटे घातले आणि कागद मिळवला: घरी शिकवण्याची परवानगी, मुदत एक वर्ष, वर्षअखेर तपासणी.

नोकरी चष्म्याच्या दुकानातली होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट ठेवायची, एकेक काच बदलायची आणि विचारायचं, आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं? पाचव्या-सहाव्या काचेला माणूस म्हणतो, हां, आता दिसलं! बारा वर्षं तिने हेच पाहिलं होतं. आपल्या पोरीलाही कुठली तरी एक काच बसणारच, ती सापडेपर्यंत बदलत राहायचं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. मूल म्हणजे डोळा नव्हे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. नवऱ्याने सांगून पाहिलं, पण ते जेवताना, तोंडात घास धरून, त्यामुळे ते नीट पोचलं नाही.

पहिला अभ्यासक्रम निसर्गातून शिकवणारा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या या कुटुंबाच्या वाट्याला निसर्ग म्हणून एक झाड, तेही रस्त्यापलीकडे. त्याची पानं मोजून झाली. दुसरा घड्याळाबरहुकूम, नऊ वाजून दहाला वाचन, साडेनऊला गणित. त्यात मुलीआधी आईलाच धाप लागली. तिसऱ्यात सगळं गोष्टींतून, चौथ्यात सगळं मण्यांतून. पाचव्यात काय शिकायचं ते मुलाने स्वतः ठरवायचं होतं. भिंगरीने ठरवलं की बादलीतलं पाणी वाटीवाटीने टबात ओतायचं आणि टबातलं परत बादलीत, आणि तीन आठवडे ती रोज सकाळी आधी तेच ठरवत राहिली, पुस्तकं त्यानंतर. सहाव्यात पडद्यावर एक दात दाखवणारा माणूस यायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळ्या वाजवायचा.

सुरुवात मात्र प्रत्येकाची दृष्ट लागावी अशी व्हायची. नव्याचे नऊ दिवस कसले, चांगला महिना जायचा. भिंगरी धडाधड वाचायची, चित्रं रंगवायची, बाबा आला की त्याला मोजून दाखवायची. मग कधी ना कधी हातच्याची बेरीज यायची. काड्या असोत, मणी असोत की गोष्टीतला ससा असो, सातात आठ मिळवून पाच खाली मांडायचे आणि एक हातचा धरायचा, इथे तिचे ओठ मिटायचे. बोटं फ्रॉकचा काठ चुरगळू लागायची. आईला तो व्हरांडा दिसायचा. "राहू दे बाळा, पुस्तकच अवघड आहे," ती म्हणायची, "आपण दुसरं आणू." भिंगरीचा चेहरा खुलायचा आणि आईचा जीव भांड्यात पडायचा.

अशातच खात्याचं पत्र आलं. तपासनीस बाई तीन आठवड्यांनी घरी येणार होत्या. मुलगी वयाच्या मानाने मागे आढळली तर परवानगी रद्द, आणि नाव वस्तीला लागू असलेल्या शाळेत. लागू असलेली शाळा एकच होती, ती व्हरांड्याची.

दुसरी एखादी असती तर कपाटातलं हाताला लागेल ते पुस्तक काढून पोरीला घेऊन बसली असती. ही गेली मेळाव्याला. शहराबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात घरी शिकवणाऱ्या पालकांचा मेळावा भरायचा. लांबच लांब टेबलं, त्यांवर वापरलेले संच, आणि टेबलांपाशी पानं उलटणाऱ्या, ओठ चावणाऱ्या बाया. प्रत्येकीच्या तोंडावर एकच भाव, की योग्य पुस्तक इथेच कुठेतरी आहे आणि शेजारचीने ते उचलायच्या आत आपल्याला दिसलं पाहिजे. कोपऱ्यातल्या टेबलामागे एक जाडजूड बाई विणत बसली होती. तिने पाच मुलं घरी शिकवून मोठी केली होती, म्हणून सगळ्या तिला पाचवाली म्हणायच्या.

"कुठपर्यंत आलंय तुझं?" पाचवालीने सुईवरून नजर न काढता विचारलं.

"सहा झाले," आई म्हणाली.

"अगं, अभ्यासक्रम नाही विचारत. मुलगी कुठपर्यंत आलीय?"

"हातच्यापर्यंत. तिथे अडते."

"मग हातचाच शिकव की आता. पुस्तक कुठलंही घे. माझ्या थोरल्याचं जे होतं तेच धाकटीपर्यंत चाललं, कोपरे कुरतडलेलं. रडली सगळी. पण रडून पुढे गेली. तू एक काहीतरी संपव बघू."

"माझी वेगळी आहे हो," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तिचं काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही."

"नसेल माहीत," पाचवाली म्हणाली आणि टाके मोजू लागली.

आईला ते फार लागलं. रागाच्या भरात तिने पलीकडच्या टेबलावरून सातवा संच उचलला. त्याच्याबरोबर मुलाची पातळी ठरवायची चाचणी होती, आणि हेच आजवर राहून गेलं होतं, अशी तिची खात्री पटली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने भिंगरीला समोर बसवलं. चार उत्तरांतलं बरोबर उत्तर बोटाने दाखवायचं. भिंगरीचं बोट एकेका उत्तरावरून सरकायचं आणि बरोबर जागी आलं की आईच्या भुवया नकळत वर जायच्या. बोट तिथेच थांबायचं. भिंगरीला अक्षरांच्या आधीपासून आईच्या भुवया वाचता येत होत्या. तीसपैकी अठ्ठावीस! आई उठून नाचायचीच बाकी होती.

तपासनीस बाईंना सर्दी झाली होती. हातात रुमाल, आवाज बसलेला, बोलणं मऊ. दारातच त्यांनी चपला काढल्या, भिंगरीच्या रंगवलेल्या चित्रांचं कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही जरा स्वयंपाकघरात बसाल का? दार उघडंच राहू दे."

आई ओट्याशी उभी राहिली. बाहेरून भिंगरीचा वाचण्याचा खणखणीत आवाज येत होता. पहिला धडा, न अडखळता. परक्या माणसासमोर पोर बोलत होती, वाचत होती! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच आणि तीन आठ. नऊ वजा चार पाच. "छान," तपासनीस बाई म्हणाल्या. मग पानं उलटल्याचा आवाज झाला, बरीच पानं. "आता हे बघ. सत्तावीस आणि पंधरा."

पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सावकाश कर. चुकलं तरी चालेल."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. आईने ओट्याची कड घट्ट धरली. दाराबाहेर नुसतं डोकावलं असतं तरी भिंगरीला ती दिसली असती, पण तिने पाय हलू दिला नाही. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"हे अवघड झालं," भिंगरी अगदी नम्रपणे म्हणाली. "आता आई दुसरं आणेल."

"आणि तेही अवघड झालं तर?"

"मग अजून एक." एवढी साधी गोष्ट या बाईंना कशी माहीत नाही, असा तिचा सूर होता.

तपासनीस बाईंनी आईला बाहेर बोलावलं आणि कपाट उघडायला सांगितलं. आधीच्या सहाही संचांची गणिताची पुस्तकं काढून त्यांनी टेबलावर ओळीने ठेवली. कडेने पाहिलं तरी कळत होतं. प्रत्येक पुस्तक सुमारे तिसाव्या पानापर्यंत मळलेलं, बोटांच्या डागांनी काळपटलेलं. त्यापुढे कोरं करकरीत. आईने ही पुस्तकं स्वतःच्या हाताने कपाटात ठेवली होती, एकावर एक. ती ओळीने मांडलेली तिने कधी पाहिली नव्हती.

"मला तिला रडवायचं नव्हतं हो," ती म्हणाली.

"ते दिसतंय मला." बाईंनी नाक पुसलं. "मुलगी हुशार आहे. पहिली तीस पानं तिला कुणाहीपेक्षा चांगली येतात. सहा वेळा शिकलीय ती."

"तीन महिने द्या. एक पुस्तक पूर्ण करते. शपथ घेते."

"वर्ष संपलं," त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या. लिहिता लिहिता थांबून म्हणाल्या, "तुमच्या अर्जात ज्या बाईंबद्दल लिहिलंय, त्या आता त्या शाळेत नाहीत."

"मग वर्गावर कोण आहे?"

"ते नाही माहीत मला."

संध्याकाळी बाबाने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. आरंभशूर वगैरे काही तो म्हणाला नाही. "मी बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

"तू बोलला होतास."

"जेवताना बोललो."

शाळा सुरू व्हायला अकरा दिवस होते. सांगितल्यावर भिंगरी खिडकीपाशी जाऊन बसली आणि दोन दिवस तोंडातून शब्द काढेना. तिसऱ्या दिवशी आईने पुस्तक उघडलं, एकतिसावं पान. निदान हातचा तरी शिकवून पाठवू. भिंगरी समोर बसली, ओठ मिटले, आणि मग तिने नेहमीसारखं वर पाहिलं, वाट बघत. आई म्हणाली, "नाही बाळा, आज हेच." भिंगरीला हे कळेना. ती दाराकडे बघायची, पार्सल आलं का विचारायची, पुन्हा आईकडे बघायची. चौथ्या दिवशी ती रडू लागली, आवाज न करता, नुसती गालांवरून पाण्याची धार. आईने मन घट्ट केलं. पाचव्या दिवशी भिंगरीची बोटं फ्रॉकच्या काठाशी गेली आणि आईने पुस्तक मिटलं. पाचवालीला हे कसं जमलं असेल, पाच वेळा, याचा ती कितीतरी वेळ विचार करत बसली. आपल्याला ते कधीच जमणार नव्हतं, सात काय, सत्तर संच आणले असते तरी, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. नवी दप्तरं, नव्या बाटल्या, सूचना देणारे बाप. भिंगरीचा हात आईच्या हातात थंडगार पडला होता आणि बोटं इतकी आवळलेली की आईची अंगठी रुतत होती. आत कुणीतरी नावं पुकारत होतं. भिंगरी जागची हलेना. मग काहीतरी सुचल्यासारखं तिने वर पाहिलं.

"आई, हा आठवा ना?"

"काय आठवा?"

"अभ्यासक्रम." तिने घसा साफ केला. "हाही अवघड झाला की बदलायचा ना?"

आईला नाही म्हणायचं होतं. अकरा दिवस ती मनातल्या मनात हेच घोकत होती, की बाळा, हे बदलता येणार नाही, अवघड झालं तरी इथेच बसायचं, रडू आलं तर रडायचं, पण बसायचं. आतून भिंगरीचं नाव पुकारलं गेलं. भिंगरी आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, आणि आईच्या भुवया आपोआप वर गेल्या.

"हो," ती म्हणाली.

भिंगरीची मूठ सैल झाली. तिने दप्तर खांद्यावर नीट केलं आणि ती आत चालू लागली.