व्याख्यानमालेचा माईक

मी माईक बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज एवढं माझं ऐका.

शिवाजी पेठेतल्या एका तरुण मंडळानं एक्क्याण्णव साली मला आणलं, ते गणपतीतल्या व्याख्यानमालेसाठी. ती चालवायचे हायस्कुलातले जोतीराम सर. वक्त्याला एस.टी. स्टँडवरून घेऊन यायचं, घरी जेवू घालायचं आणि 'हॅलो हॅलो' न करता मला नखानं टिचकी मारून बघायचं, ही त्यांची रीत. तालमीतली पोरं अंगाची माती झटकून मागं येऊन बसायची. भाजी विकणारी शालूबाई पहिल्या रांगेत. एकदा मधेच म्हणाली, "पावणं, जरा सावकाश बोला की. आमास्नी समजून घ्यायचं हाय."

मग ऑर्केस्ट्रा आला, डान्स आला. पाच व्याख्यानांचं एक उरलं. दोन हजार चार साली तेही जायच्या बेताला आलं.

"लोक झोपा काढत्यात, सर," मंडळाचा कृष्णात म्हणाला.

"एक तरी ठेवा रे."

"ठेवूया. पर अध्यक्ष बाळासो. मांडवाचा खर्च त्यांचाच हाय."

बाळासो म्हणजे जागांचे व्यवहार करणारे, पुढं निवडणुकीला उभे राहणार. सर कबूल झाले. खुर्ची दिली म्हणून विचाराचं काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं.

व्याख्यानाच्या संध्याकाळी संघप्रिया बोलायला आली. सरांचीच विद्यार्थिनी, आता कॉलेजात शिकवत होती. वाचणाऱ्या माणसाला सहज फसवता येत नाही, असं ती समजावत होती. मागून शिट्ट्या. "मॅडम, आटपा की, डान्स हाय." ती आवाज न चढवता बोलत राहिली.

मग बाळासोंनी माझी मान धरली. "मी सातवी नापास. असले दोन एम.ए. माझ्या हापिसात च्या देत्यात. पुस्तकं वाचून कुणाचं भलं झालंय, सांगा."

मांडव टाळ्यांनी दणाणला. शहाण्याचं आणि मूर्खाचं मी सारख्याच आवाजात पोचवतो, हे माझं दुर्दैव. पण अगदी जवळून एक टाळी ऐकू आली. जोतीराम सरांची.

संघप्रियानं हळूच विचारलं, "पुढच्या वर्षासाठी वाजवलीत ना, सर?"

"व्हय गं. एक तरी टिकावं."

"हे असलं टिकवून काय करायचं?"

पुढच्या वर्षी व्याख्यान बंद होऊन डॉल्बी लागला, आणि मला एका मंगल कार्यालयाला देऊन टाकलं. आता मी गाड्या काढायला सांगतो, पंगतीला बोलावतो. अडाण्यावर माझा राग नाही. अडाणीपणाचा तोरा मिरवणाऱ्यापुढं मान तुकवणाऱ्या शिकलेल्यांवर आहे.

परवा एका लग्नात बाळासोंचा सत्कार झाला. सर्वांत आधी टाळी वाजली ती सरांची. वाचवायला आता कुठलं व्याख्यान उरलं नव्हतं. नुसती सवय.

वाचकहो, माझ्या अंगावर मला बंद करायचं एक बटण आहे. कुणीतरी तेवढं दाबा.