तिसरं ठिकाण

सत्याहत्तरची गोष्ट आहे. कोणापाशी बोललो नाही आजवर, काहून का बोलाची लाज वाटते.

नागपुरात बर्डीवर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, अन् महाल भागातल्या घरी स्वतःचा हॅम सेट. बोलाचा अन् ऐकाचाही, सरकारी लायसनवाला. मिल्ट्रीच्या भंगारातले व्हॉल्व्ह आणून मी तो हातानं बनवला होता. लय घमेंड होती मले त्याची.

नोव्हेंबरात आंध्राच्या किनाऱ्यावर तुफान आलं. तार बंद, फोन बंद. तिथला रामय्या नावाचा एक हॅम, म्हणजे माझ्यासारखाच हौशी रेडिओवाला, मोटारीच्या बॅटरीवर बोलून राहिला होता. हैदराबाद त्याले जवळ, पण तिथं तो ऐकूच येये नाही, अन् इतक्या दूर नागपुरात बारीक का होईना येये. रेडिओत असं होते. म्हणून काम माझ्यावर आलं. लोक कुठं अडकले ते त्यानं सांगावं, मी लिहून हैदराबादले कळवावं, अन् तिथून नावा निघाव्या.

शेजारच्या अंजनाबाईचा एकुलता एक पोरगा केशव संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर होता. ट्रक तिकडंच गेला होता. बाई सकाळपासून माझ्या दारात उभ्या, पाणीही पेल्या नाही.

रामय्यानं पहिलं ठिकाण सांगितलं, देऊळ, चाळीस माणसं. दुसरं, भाताची गिरणी. मग तो थांबला. आता, समोरचा 'ओव्हर' म्हणत नाही तोवर आपलं बटण दाबाचं नाही, हा आमचा पहिला धडा. बटण दाबलं का आपल्याले काही ऐकू येत नाही. नव्या हॅमायले मीच हे दटावून शिकवो.

मागून अंजनाबाई म्हणाल्या, "भाऊ, माझ्या केशवचं विचारा ना एकदा."

मले वाटलं, रामय्याचं बोलणं झालं. दाबलं बटण. केशवचं नाव अन् ट्रकचा नंबर दोन-दोनदा सांगितला. बटण सोडलं तं कानावर एवढंच आलं, "...अकरा माणसं. लवकर. ओव्हर."

पुन्हा सांग, पुन्हा सांग, म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडलो. त्याची बॅटरी संपली होती. नावा दोन ठिकाणी गेल्या. तिसऱ्याचं नाव माझ्यापाशी नव्हतं.

आठ दिवसानं ट्रकचा ड्रायव्हर चंपतराव परत आला. डिझेल पाहायले दुसऱ्या गावी गेला म्हणून वाचला बिचारा. झाडावर अडकून वाचलेल्या एकाकडून ऐकलेलं त्यानं सांगितलं, का केशव शाळेच्या छतावर होता, आणखी दहा जणासंगं. दोन दिवस ते कपडे हालवून राहिले. तिसऱ्या दिवशी शाळा पाण्यात बसली. देवळातले अन् गिरणीतले सारे जिते निघाले. दहा अन् केशव, अकरा.

तेरवी झाल्यावर अंजनाबाई घरी आल्या. मी ठरवलं होतं, आज सांगून टाकाचं. पण सांगितलं तं आपणच विचारा म्हटलं अन् पोरगा गेला, हे त्या माउलीच्या जिवाले जन्मभर खाईन.

बाईनं हात जोडले. म्हणाल्या, "भाऊ, मी म्हटलं अन् तुम्ही लगेच विचारलं. तुमचे उपकार फिटाचे नाहीत."

मी म्हटलं, "त्यात काय, बाई."