माझ्या पोटातला खुळखुळा

मित्रांनो, मी एक जुनी, अर्धी पोकळ अशी विजेची गिटार आहे. माझ्या मधोमध मेपलच्या लाकडाचा भरीव ठोकळा आहे आणि दोन्ही कुशी रिकाम्या आहेत. ठोकळ्यामुळे मी मोठ्या आवाजातही किंचाळत नाही, आणि कुशींमुळे माझ्या सुराला ऊब येते. पोटावर दोन वळणदार फटी आहेत. पूर्ण पोकळ माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली, पण त्यांना कुणी ठोकून, वाजवून घेत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चेरीसारखी लालचुटूक होते. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात ओथा पेटवे या वादकाच्या हाती पडले आणि त्याच्या पट्ट्याच्या बकलाने माझी पाठ सोलून काढली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दर शुक्रवारी गेन्सच्या खानावळीत तो मला वाजवायचा आणि लोकांच्या ताटातले तळलेले मासे गार होऊन जायचे.

एकदा त्याची बायको वर्नेल हिने ओसरीखाली निघालेला खुळखुळ्या साप कुदळीने ठेचला. त्याच्या शेपटीचा वाळका खुळखुळा तिने माझ्या फटीतून आत टाकला. आमच्या भागात जुने वादक असं करतातच.

"आता हिच्यात उंदीर शिरणार नाहीत," ती ओथाला म्हणाली, "आणि तू वाजवताना झोपलास तर हा तुला उठवेल."

तेव्हापासून खालच्या जाड तारा छेडल्या की माझ्या पोटात झर्र व्हायचं. अंगावर काटा आणणारी ती झर्र ऐकून लोक रस्त्यावरूनच ओळखायचे, ओथा बसलाय.

मग वर्नेल वारली. पुढे अर्धांगाच्या झटक्याने ओथाच्या डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. गेन्स मला भिंतीवर टांगायला मागत होता. ओथा त्याला एकच सांगायचा, "ही वाजवणाऱ्याकडेच जाईल." मलाही दुसरं काही नको होतं.

अखेर शिकागोहून वॉरेन क्लेमेंट आला. चांगला वादक होता, हे मी त्याच्या बोटांवरून सांगते. ओथाची जुनी टेप ऐकून तो माझ्या मागावर आला होता. गेन्सच्या खानावळीतच ॲम्प्लिफायर होता, म्हणून तिथेच मला टेबलावर ठेवलं. सुताराने फळी बघावी तशी त्याने एक डोळा मिटून माझी मान बघितली. एकेका पट्टीवर बोट दाबून सूर तपासला. खुंट्या पिळल्या, बटणं फिरवली, ती खरखरली.

"काका, हिचं तर सगळंच झिजलंय," तो म्हणाला.

"माझंही झिजलंय. पण मला कुणी विकत घेत नाही," ओथा म्हणाला.

मग क्लेमेंटने मला कानाशी धरून हलवलं. खुळखुळ झाली.

"आत काहीतरी सुटलंय."

ओथाने खुळखुळ्याची गोष्ट सांगितली. क्लेमेंट हसला. "काका, मी गिटार घ्यायला आलोय, साप पाळायला नाही. आधी ते काढा, मग बघू."

"ओथा, काढ बाबा, नाहीतर रात्री तुझी बायको परत मागायला येईल," गेन्स बोलला. गिऱ्हाइकं खिदळली.

ओथा खिदळला नाही. पण मला वाजवणारा हात मिळावा म्हणून त्याने मला उपडं धरलं आणि आपल्या दुबळ्या हाताने हलवत राहिला. खुळखुळा जमिनीवर पडला. क्लेमेंट ॲम्प्लिफायरची तार जोडायला वळला आणि त्याच्या बुटाखाली तो चुरडला. वाळक्या पापडाएवढाही आवाज झाला नाही.

क्लेमेंटने जाड तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या.

"टेपवर ती झर्र होती. ती कुठाय?"

ओथाने त्याच्या बुटाकडे बोट दाखवलं.

क्लेमेंटने पाय उचलून पाहिलं आणि बुटाचा तळ उंबऱ्यावर घासून साफ केला. "टेपवर वाजलेली गिटार वेगळीच होती. म्हाताऱ्या माणसाने असं फसवू नये, काका." एवढं बोलून तो निघून गेला. ओथा कितीतरी वेळ उंबऱ्याकडे बघत होता. त्याला मला परत उचलवलं नाही.

"ने, टांग," तो गेन्सला म्हणाला.

गेन्सने माझ्या तारा काढल्या आणि पाठीतून स्क्रू घातला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं आता प्रवासी माझ्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि 'काय वाजत असेल ही' म्हणतात.

ओथा शुक्रवारी अजून येतो आणि माझ्याखालच्या टेबलावर मासे खातो. एकदा त्याने खिशातून काडेपेटी काढली. तिच्यात त्या खुळखुळ्याचे वेचलेले तुकडे होते. वाकडा हात उचलून तो ते माझ्या फटीत टाकू लागला, तेवढ्यात जेवण वाढणारी नवी पोरगी धावत आली.

"आजोबा, हात लावायचा नाही. पाटी वाचली नाही का?"

"वाचली, पोरी," ओथा म्हणाला. काडेपेटी खिशात ठेवून तो मासे खायला बसला. पोरगी त्याला ओळखत नव्हती, आणि त्यानेही सांगितलं नाही.

मित्रांनो, कधी माझ्यासारखी जुनी गिटार घ्यायला गेलात तर मान बघा, पट्ट्या बघा, हवं तर ठोकूनही बघा. पण पोटात काही खुळखुळलं तर ते काढायला लावण्याआधी एकदा वाजवून ऐका. मी हे वाजून सांगितलं असतं, पण मला आता तारा नाहीत.